पोस्त आणि बोनस

दिवाळी जवळ आली की आमच्या परळच्या खोलीत दोन तऱ्हेचे पैसे येत. वडील गिरणीत साच्यावर होते. ते बोनस आणीत. आई चार घरची धुणीभांडी करी. ती पोस्त आणी. बोनसच्या नोटा वडील मोठ्याने मोजीत आणि यंदा कमी दिला म्हणून मालकाला शिव्याही घालीत. आई मात्र पदराच्या गाठीतली नोट मुकाट्याने डब्यात टाकी. एका वर्षी एका घराने तिची नुसत्या कडबोळ्यांवर बोळवण केली, तरी "बरं झालं, पोरांना होतील," एवढेच ती म्हणाली. पैसा दोघांच्याही घामाचा. मग एकाला शिवी देण्याचा अधिकार आणि दुसरीवर उपकार मानण्याची पाळी, असे का? हे कोडे मला पुढे शाळेत इतिहास शिकवू लागल्यावर उलगडले.

बोनसही मुळात पोस्तच होती. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरमसाट नफा झाला आणि महागाईने कामगार मेटाकुटीस आला. तेव्हा १९१७ साली मुंबईच्या मालकांनी पगारावर दहा टक्के 'वॉर बोनस' सुरू केला. पुढे वर्षाकाठी एका महिन्याचा पगार वेगळा मिळू लागला आणि तो १९२२ पर्यंत मिळत राहिला. १९२३ साली धंदा बसला, तशी मालकांनी ही रक्कम बंद केली. मालक म्हणत, खुशीने दिले, खुशीने थांबवले. कामगार म्हणत, सालोसाल मिळत आले ते आमच्या मजुरीतच जमा. जानेवारी १९२४ मध्ये दीड लाखाहून अधिक माणसे गिरण्यांबाहेर पडली. सरकारने मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांची समिती नेमली. समितीचा निवाडा असा, की रूढीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने पाहिले तरी बोनसवर कामगारांचा हक्क शाबीत होत नाही. दोन महिन्यांच्या उपासमारीनंतर कामगार रिकाम्या हातांनी साच्यांवर परतले.

पण मनात रुजलेला हक्क निवाड्याने मरत नाही. १९५० साली श्रम अपील न्यायाधिकरणाने गिरण्यांच्याच खटल्यात हिशेब घालून दिला: नफ्यातून घसारा, यंत्रांचे नूतनीकरण आणि भांडवलावरचा परतावा वजा करा, उरेल त्यात कामगारांचाही वाटा आहे. १९६५ च्या कायद्याने त्यापुढे जाऊन नफा असो वा नसो, किमान चार टक्के ठरवले. पुढे ते प्रमाण ८.३३ टक्के झाले. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा, एका महिन्याचा पगार! हिशेबात धरायच्या पगाराला कायद्याने मर्यादा घातली आहे हे खरे. पण १९२४ साली जे मागितले म्हणून माणसे उपाशी राहिली, तेच माप अखेर कायद्यात आले.

मात्र हा कायदा कारखान्यापाशी आणि वीस माणसांच्या आस्थापनेपाशी थांबला. घरच्या मोरीपर्यंत तो आला नाही.

पोस्तीत जिव्हाळा असतो, कायद्यात तो कुठला, असे म्हणणारे भेटतात. ते अगदीच खोटे नाही. आईच्या चार घरांपैकी एका घरच्या वहिनी न चुकता महिन्याचा पगार आणि नवे लुगडे देत; त्यांचे नाव आई शेवटपर्यंत घेत असे. पण बाकीच्या तीन घरांत काय मिळेल हे त्या त्या घरच्या मर्जीवर असे आणि ती मर्जी ओळखण्यातच तिचा अश्विन सरे.

वडिलांची गिरणी पुढे बंद पडली. ज्या हक्कासाठी दोन पिढ्या झगडल्या, तो दरवाजाच्या कुलपाबरोबर गेला. त्या दिवाळीला आमच्या घरी तेल आणि रवा आला तो पोस्तीच्या पैशाने. वडील पणतीजवळ गप्प बसून होते. आईने त्यांच्या देखत पैसे मोजले नाहीत.

पुढे माझ्या संसारात कामाला बाई लागल्या. पहिल्या दिवाळीला किती पोस्त द्यावी, म्हणून मी आईला विचारले. तिने आकडा सांगितला नाही. म्हणाली, "महिन्याचा पगार दे आणि आधी दे. तिला दारात घुटमळायला लावू नकोस."