मोसम, आगोट आणि बावटा : मुरगाव बंदरातील वादळपूर्व तयारीचा इतिहास

मराठीतील समुद्रविषयक शब्दसंग्रहाकडे पाहिले तर एक गोष्ट सहज लक्षात येते. मोसम, तुफान, नाखवा, खलाशी, बंदर हे सर्व शब्द अरबी-फारसीतून आलेले आहेत. त्यातील ‘मोसम’ या शब्दाचा मूळ अर्थ ठरलेली वेळ, हंगाम. पोर्तुगीजांनी तोच शब्द उचलला आणि पुढे इंग्रजीत त्याचा ‘मान्सून’ झाला. या किनाऱ्यावर वाऱ्याची ओळख त्याच्या वेगावरून नव्हे तर त्याच्या तारखेवरून करण्याची रीत होती, हे या शब्दातच दिसते. वादळाला तोंड देण्याची येथील कुटुंबांची व व्यापाऱ्यांची सारी तयारी याच तारखेवर उभी राहिली. प्रस्तुत लेखात मुरगावच्या आधारे त्या तयारीचा मागोवा घ्यावयाचा आहे आणि ती अलीकडे कोठे अपुरी पडू लागली हेही पाहावयाचे आहे.

आरंभ अकराव्या शतकापासून करणे सोयीचे होईल. गोव्याच्या कदंब घराण्यातील गुहल्लदेव हा राजा समुद्रमार्गे सोमनाथच्या यात्रेस निघाला असता वाटेत त्याच्या जहाजाची डोलकाठी मोडली आणि त्याला गोवे बंदराचा आसरा घ्यावा लागला. तेथे मदुमद नावाच्या ताजिक, म्हणजे अरब, व्यापाऱ्याने त्याला साहाय्य केले. ही हकीकत पुढे पहिल्या जयकेशीच्या काळातील ताम्रपटात नोंदली गेली. मदुमदचा नातू छडम हा जयकेशीच्या राज्यात मोठ्या अधिकारावर पोचला आणि येथील मशिदीच्या खर्चासाठी गलबतांवरील जकातीची तरतूद करण्यात आली. कदंबांचे गोपकपट्टण झुआरीच्या उत्तर तीरावर होते, म्हणजे तेथे जाणाऱ्या जहाजाला मुरगावच्या उपसागरातूनच आत शिरावे लागे. वादळात सापडलेल्या जहाजाला आत घेणे, डोलकाठी व दोरखंड पुरवणे, माणसांची सोय लावणे ही बंदरातील व्यापाऱ्यांची पत होती. राजाला मदत मिळाली म्हणून ती कोरली गेली, एवढाच फरक.

त्या काळचा व्यापारी वादळ गृहीत धरूनच व्यवहार करीत असे. कैरोच्या गेनिझा कागदपत्रांत हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्यांची जी पत्रे सापडली, त्यांत एकाच मालाचे भाग पाडून ते निरनिराळ्या जहाजांवर चढवल्याचे उल्लेख वारंवार येतात. एक बुडाले तरी घर बुडू नये हा हिशेब. किराद या भागीदारीच्या पद्धतीत माल समुद्रात गेला तर भांडवलाचे नुकसान भांडवलदाराने सोसावयाचे आणि श्रम करणाऱ्याचे श्रम वाया जावयाचे, त्याच्यावर कर्ज चढावयाचे नाही. विमा कंपन्या निघण्याच्या कित्येक शतके आधीची ही व्यवस्था आहे. वाणिज्याच्या वर्गात ती शिकवली तर विद्यार्थ्यांना जोखीम ही कल्पना पुस्तकी वाटणार नाही.

अहमद इब्न माजिद याने १४९० च्या सुमारास आपल्या नौकानयनाच्या ग्रंथात नवरोजपासून दिवस मोजून प्रत्येक बंदर सोडण्याच्या तारखा दिल्या आहेत. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर सुमारे नव्वद दिवस ‘समुद्र बंद’ असतो, असे त्याचे म्हणणे. त्यानंतर शंभर वर्षांनी डच प्रवासी लिन्स्कोटेन याने हेच चित्र गोव्याच्या किनाऱ्यावरून पाहिले. तो १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात होता. पावसाळ्यापूर्वी मांडवीचे मुख वाळूच्या दांड्याने बंद होते, जहाजांची शिडे-दोर उतरवून त्यांवर चटया टाकतात आणि लोक लांबच्या सफरीला निघाल्याप्रमाणे घरात सामान भरून ठेवतात, असे तो सांगतो. मांडवी अशी बंद होत असताना झुआरीच्या मुखावरील मुरगाव मात्र खुले राही. मुरगावचे महत्त्व मुळात या एका गोष्टीत आहे.

सामान भरून ठेवण्याच्या या पद्धतीला कोकणात ‘आगोट’ म्हणतात. गोव्यात ‘पुरुमेंत’ हा शब्द अधिक चालतो. तो पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’वरून आला. मडगावच्या होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताला भरणारी जत्रा ‘पुरुमेंताचे फेस्त’ म्हणूनच ओळखली जाते. पेडणे व डिचोलीकडील माणसे मात्र म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारावर अवलंबून असत. उकडे तांदूळ, मिरच्या, कांद्याच्या माळा, गूळ, आमसुले, सुके बांगडे, सुकी सुंगटे, मिठातल्या कैऱ्या, आंब्या-फणसाची साठे, आणि पेडण्यातील आगरवाड्यासारख्या मिठागरांतून पाऊस लागण्यापूर्वी काढलेले मीठ. लाकूडफाटा व शेणी पडवीत रचल्या जात. मातीच्या भिंतींना नारळाच्या विणलेल्या झापांचे आडोसे बांधीत, कारण पावसापेक्षा पश्चिमेकडून येणारी झड भिंत खाते. हिंदू, ख्रिस्ती व मुसलमान यांच्या स्वयंपाकघरांत यादी जवळजवळ तीच. सण वेगळे, माळा एकच! हे काम बहुतांशी स्त्रियांचे होते आणि म्हणूनच की काय, बंदराच्या इतिहासात त्याची दखल फारशी घेतली जात नाही. एखाद्या घराने चैत्र-वैशाखात काय भरले यावरून ते घर श्रावणात कोणाच्या दारी जाणार हे ठरत असे. हातात पैसा नसलेल्याला आगोट उधारीवर भरावी लागे. वादळाची तयारी ही ज्याच्या पदरी शिल्लक आहे त्यालाच नीट करता येते, ही गोष्ट तेव्हाही खरी होती.

आधुनिक मुरगाव बंदर १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर आकारास आले. १८८० च्या दशकात रेल्वे व धक्का यांच्याबरोबर लाटा अडवणारा बांध घालण्यात आला. मुरगाव बारमाही असले तरी पश्चिमेकडून उघडे आहे, त्यामुळे बांधाशिवाय पावसाळ्यात तेथे जहाज लावणे कठीण होते. याच सुमारास ब्रिटिश हद्दीतील किनाऱ्यावर दुसरा बदल घडत होता. १८६४ मध्ये कलकत्त्यास भयंकर चक्रीवादळ झाले, पुढच्या वर्षी तेथील बंदरात वादळाचे इशारे देण्यास सुरुवात झाली, १८७५ मध्ये भारतीय हवामान खाते स्थापन झाले आणि १८८० च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांनाही इशारे मिळू लागले. आज बंदरांसाठी एक ते अकरा क्रमांकांचे इशारे आहेत. दिवसा शंकू व पिंपाच्या आकाराच्या खुणा आणि रात्री दिवे लावतात. लोक मात्र ‘तीन नंबरचा बावटा लागला’ असेच म्हणतात, खांबावर बावटा नसला तरी. येथे तयारीचे दुसरे तत्त्व प्रथमच आले : तारीख नव्हे, बातमी.

परंतु व्यवसाय तारखेवरच चालत राहिले. याचे उत्तम उदाहरण म्हणजे लोहखनिज. डिचोली व साखळीकडील खनिज बार्जींतून मांडवीने खाली येई. उघाडीच्या दिवसांत बार्जी आग्वादजवळचा दांडा ओलांडून समुद्रमार्गे मुरगावला जात. मे अखेरीस दांडा बंद झाला की त्याच बार्जी कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीत उतरत. डिचोलीतील खाणकामगार समुद्र न पाहताही समुद्राच्या पंचांगावर जगत होता. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ही साखळीच तुटली. किनाऱ्यावरील शॅकही असेच : पावसाळ्यापूर्वी उतरवावयाचे, पावसाळा सरल्यावर उभारावयाचे. मच्छीमारी बंदीही १ जून ते ३१ जुलै अशी तारखेचीच आहे.

चक्रीवादळे मात्र बहुधा या तारखांच्या बाहेर येतात. अरबी समुद्रात ती पावसाळ्याच्या दोन्ही कडांना होतात, मे-जूनमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. ऐन पावसाळ्यात क्वचितच. म्हणजे नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र ‘उघडल्यावर’, आगोट संपत आल्यावर आणि झापा काढून टाकल्यावर. फयान ११ नोव्हेंबर २००९ रोजी महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आले तेव्हा कोकणातील होड्या मासेमारीवर होत्या. डिसेंबर २०१७ च्या आरंभी ओखी वादळ गोव्यापासून दूर समुद्रात होते, तरीही त्याच्या लाटांनी पेडण्यातील मोरजी, मांद्रे, हरमल येथील शॅकमध्ये पाणी शिरले. हंगाम नुकताच रंगात आला होता आणि बहुतेकांनी कर्ज काढून सामान भरले होते. वारा नाही, पाऊस नाही, मग कसला धोका, ही समजूत त्या दिवसांत महाग पडली.

मुरगावची स्वतःची गोष्ट २०१९ ची आहे. ‘नु शी नलिनी’ हे नाफ्ता भरलेले जहाज काही महिने बंदराबाहेर नांगरून होते आणि त्यावर खलाशी नव्हते. २४ ऑक्टोबरला ते नांगर सोडून वाहत गेले व दोनापावला येथे राजभवनाखालील खडकांवर अडकले. नारळी पौर्णिमा होऊन सत्तर दिवस झाले होते आणि दिवाळी तीन दिवसांवर होती. पुढे ज्याला ‘क्यार’ म्हणून ओळखले गेले त्या वादळाला अजून नावही मिळालेले नव्हते. ‘रिव्हर प्रिन्सेस’ जून २००० मध्ये कांदोळीच्या किनाऱ्यावर रुतले आणि ते काढण्यास बारा वर्षे लागली, हे ज्यांना आठवत होते त्यांच्या पोटात गोळा आला असेल. सुदैवाने नाफ्ता नंतर काढून घेता आला.

मे २०२१ मध्ये तौक्ते आले ते आगोटीच्या ऐन दिवसांत, आणि कोविडच्या टाळेबंदीत. १६ मे रोजी ते गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे गेले. झाडे व विजेचे खांब पडले, दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक भाग काही दिवस अंधारात राहिले. दुसऱ्या दिवशी मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला आणि त्या दुर्घटनेत सत्तरहून अधिक माणसे गेली. इशारा दोन्हीकडे पोचला होता.

हवामान खाते १९९९ च्या ओरिसातील महाचक्रीवादळानंतर टप्प्याटप्प्याने इशारे देऊ लागले : साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधगिरी, २४ तास आधी धोक्याची सूचना. जुनी आगोट तीन महिन्यांची होती आणि तिच्यासाठी दोन महिने मिळत. ही तीन दिवसांची आहे. तिच्यात तांदळापेक्षा पिण्याचे पाणी, औषधे, चार्ज केलेला फोन, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले रेशनकार्ड व पासबुक यांना महत्त्व आहे. वास्कोच्या खारीवाड्यावरील मासेविक्रेतीला वीज जाणार म्हणून बर्फ आधी घ्यावा लागतो, होडीवाल्याला होडी वर ओढण्यासाठी चार माणसे बोलावून ठेवावी लागतात, दुकानदाराला तळातील पोती फळीवर चढवावी लागतात आणि शॅकवाल्याला चालू धंद्यात छप्पर उतरवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. हा शेवटचा निर्णय सर्वांत अवघड. वादळ वळले तर दोन दिवसांची कमाई गेली, आणि पुढच्या इशाऱ्याला तोच माणूस छप्पर तसेच ठेवतो. मदुमदच्या काळी असा तोटा भागीदारांत वाटला जाई. मोरजीच्या शॅकवाल्याला मात्र तो एकट्यालाच भरावा लागतो, आणि बहुधा उतरवायचे की नाही हे तो शेजारच्या शॅककडे पाहूनच ठरवतो.