देवनार : कचऱ्यातले कष्ट आणि जनगणनेचा रकाना (थ्रेड)

देवनारमध्ये माणसे मोजण्याचे शास्त्र शिकवले जाते. १९५६ साली स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था गोवंडी स्थानकाच्या रस्त्यावर आहे. जवळच टाटा समाजविज्ञान संस्था आहे. ती १९५४ मध्ये नागपाड्याहून येथे आली. याच परिसरात मुंबईचे सर्वांत जुने कचरामैदान आहे, आणि तेथे राबणाऱ्या स्त्रिया सरकारी मोजणीत दीर्घकाळ धडपणे आल्याच नाहीत.

आधी कचरा येथे कसा आला ते पाहू. १८९६ च्या प्लेगने मुंबईची घाण हा जीवनमरणाचा प्रश्न बनवला. शहराबाहेरच्या दलदलीत कचरा टाकण्याचे धोरण ठरले आणि १९०६ मध्ये कुर्ला-चेंबूर लोहमार्ग त्यासाठीच टाकला गेला. त्यावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली ती १९२४ मध्ये. आजच्या हार्बर मार्गाच्या या तुकड्यावरून माणसांच्या आधी कचऱ्याने प्रवास केला, हे रोज तेथून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. देवनारचे मैदान १९२७ पासूनचे मानले जाते. तेव्हा हा भाग मुंबईत नव्हता. १९५० च्या हद्दवाढीत उपनगरे महापालिकेत आली आणि कचरामैदान शहराच्या पोटात गेले.

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून असंख्य कुटुंबे मुंबईकडे निघाली. त्यांत भूमिहीन दलित कुटुंबांचे प्रमाण मोठे होते. त्याच दशकात शहरातल्या झोपड्या उठवून लोकांना शिवाजीनगर, बैंगनवाडी भागात वसवण्यात आले. पुरुषाला गोदीत वा बांधकामावर रोजंदारी मिळे, तीही रोज नव्हे. स्त्रीला ओळख, भांडवल, शिक्षण यांपैकी काहीही न मागणारे एक काम घराशेजारीच होते. टोकाला वाकवलेली लोखंडी सळई आणि एक गोणी एवढेच त्याचे भांडवल. गाडी रिकामी होताच प्लास्टिक, काच, पत्रा, कागद वेगळे करायचे आणि भंगारवाल्याच्या काट्यावर घालायचे. भाव तोच ठरवणार. अडीअडचणीला उचलही तोच देणार. त्यामुळे माल दुसऱ्याकडे नेण्याचे स्वातंत्र्य हळूहळू संपत असे. ही मजुरी होती, पण मालक कागदावर कुठेच नव्हता.

आता जनगणना. १९६१ मध्ये नियमित काम करणाऱ्याने आधीच्या पंधरवड्यात एक दिवस काम केले असले, तरी त्याची गणना कामकऱ्यांत होई. १९७१ मध्ये निकष बदलला आणि प्रत्येकाला आधी ‘मुख्य व्यवसाय’ विचारण्यात आला. घर सांभाळून उरलेल्या वेळेत कमावणारी स्त्री या प्रश्नाने थेट ‘घरकाम’ या रकान्यात, म्हणजे काम न करणाऱ्यांत गेली. देशातील स्त्रियांचा कामातील सहभाग दहा वर्षांत सुमारे २८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आलेला दिसतो. ही घसरण मुख्यतः शेतीतल्या स्त्रियांची आहे, हे खरे. पण पहाटे कचरा वेचून दुपारी चूल पेटवणाऱ्या बाईचा मुख्य व्यवसाय कोणता, याचे उत्तर त्या तक्त्यात मावणारे नव्हतेच. १९८१ मध्ये ‘मुख्य’ आणि ‘सीमांत’ कामकरी असा भेद आला. त्यासाठी वर्षातले १८३ दिवस ही सीमारेषा होती. दिवसांचा हिशेब ठेवणारी हजेरी मात्र या कामात कधीच नव्हती.

मोजणीबाहेर असण्याची किंमत रोजच्या जगण्यात चुकवावी लागे. ओळखपत्र नाही, म्हणून पोलिसांचा संशय. कामगार नाही, म्हणून भरपाई नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या स्त्री मुक्ती संघटनेने ‘परिसर विकास’ उपक्रम सुरू केला, तो या स्त्रियांच्या संघटनासाठी. ‘परिसर भगिनी’ हे नाव तेव्हाचे. बचत गट, ओळखपत्रे आणि ओल्या कचऱ्यापासून खत व बायोगॅस करण्याचे प्रशिक्षण हे त्याचे स्वरूप. ‘चिंधीवाली’ या हाकेऐवजी पदनाम मिळणे ही केवळ सौजन्याची बाब नव्हती. पदनाम असले की रकाना मागता येतो.

मग आले २०१६. जानेवारीच्या अखेरीस मैदानाला लागलेल्या आगीचा धूर कित्येक दिवस मुंबईवर राहिला. पहारा वाढला, वेचकांना आत जाण्यास बंदी झाली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या नव्या घनकचरा नियमांनी ‘कचरावेचक’ या शब्दाची व्याख्या करून त्यांची नोंद घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. कायद्याने ओळख दिली त्याच वर्षी कामाचे फाटक बंद झाले होते.

पुण्यात १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत होती. तिच्या बळावर २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि घरोघरचा कचरा उचलण्याचे शुल्क वेचकांना मिळू लागले. देवनारच्या स्त्रियांपुढे तसा एक मोठा पर्याय आला नाही. कोणी चेंबूरच्या इमारतींत धुणीभांडी धरली, कोणी घरी बसून नगावर मिळणारी जरीची किंवा शिलाईची कामे घेतली. ज्या वेचतच राहिल्या त्या रस्त्यावरच्या कचराकुंड्यांकडे वळल्या, आणि त्यांची कमाई आजही भंगारवाल्याच्या काट्यावरच ठरते.