अंजिराची जात पानावरून ओळखता येते का?
पुणे जिल्ह्यात अंजिरासाठी पुरंदरपाठोपाठ दौंड तालुक्यातील खोर परिसर ओळखला जातो. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र दौंड, शिरूरमधील नव्या बागायतदारांनी केवळ पानावरून जात ठरवू नये. एकाच झाडावर अखंड, ३ किंवा ५ खंडांची पाने आढळतात. सावली, झाडाचे वय आणि छाटणीनंतरची जोमदार वाढ यांनुसार आकार बदलतो. विषाणूजन्य मोझॅक रोगाने पान वेडेवाकडे होते. खात्रीची खूण फळात असते: आकार, देठाकडील मान, सालीचा व गराचा रंग. फाटे कलमाच्या रोपात मातृवृक्षाचेच गुण उतरतात. रोपाची चुकीची निवड फळे लागल्यावरच, म्हणजे दोन-तीन वर्षांनी उघड होते. म्हणूनच फळे प्रत्यक्ष पाहिलेल्या झाडाचेच कलम निवडणे हिताचे ठरते.