भाग ४१ : पाव, केळी आणि डॉक्टर डिके

आजचा भाग म्हणजे खरं तर एक दुरुस्ती आहे. हॉलंडच्या दुष्काळावर बोलताना मी ओघात एक गोष्ट सांगून गेलो होतो. १९४४च्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला, इस्पितळातली सीलिॲकची मुलं अचानक बरी होऊ लागली आणि एका डॉक्टरला कळलं की दोष गव्हाचा आहे. गोष्ट छान आहे, म्हणून सगळेच सांगतात. पण ती अर्धीच खरी आहे, आणि उरलेली अर्धी मला जास्त महत्त्वाची वाटते.

आधी आजाराबद्दल दोन शब्द. सीलिॲक ही ॲलर्जी नाही, जरी बोलताना आपण सर्रास 'गव्हाची ॲलर्जी' म्हणतो. गव्हाची खरी ॲलर्जी वेगळी. तिच्यात खाल्ल्यावर थोड्याच वेळात गांधी उठतात, सूज येते, श्वासही अडकू शकतो. सीलिॲकमध्ये ग्लुटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या अस्तरावरचे मखमलीसारखे बारीक कोंब झिजतात आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काडीसारखे. अशी मुलं पूर्वी मरत असत.

लंडनच्या सॅम्युएल जी यांनी १८८७ साली ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या बाल-रुग्णालयात या आजारावर व्याख्यान दिलं, ते पुढच्या वर्षी छापून आलं. रोगी बरा व्हायचा तर आहारानेच होईल, हे त्यांनी स्वच्छ सांगितलं. एका मुलाला ते रोज हॉलंडहून आलेले उत्तम शिंपले खायला घालत. गोव्यात शिनाणे म्हणतात ना, तसले. पोरगं छान बाळसं धरू लागलं. मग शिंपल्यांचा हंगाम संपला आणि ते पुन्हा आजारी पडलं. पुढच्या हंगामात त्याने शिंपल्याला तोंड लावायलाच नकार दिला! (मला त्या मुलाचं काही चुकलं असं वाटत नाही.) पण याच जींनी भात वर्ज्य सांगितला आणि पातळ कापून दोन्ही बाजूंनी भाजलेला पाव चालेल म्हणून सांगितलं. म्हणजे नेमकं उलटं. उत्तराच्या दारापर्यंत आलेला माणूस, आणि हातात टोस्ट!

मग १९२४ साली न्यूयॉर्कचे सिडनी हास. त्यांनी पाव, बटाटा, सगळी धान्यं बंद केली आणि भरपूर केळी दिली. त्यांनी नोंदवलेल्या दहा मुलांपैकी केळी खाणारी आठ सुधारली, न खाणारी दोन गेली. मग जिकडेतिकडे केळ्यांचा बोलबाला झाला. श्रेय केळ्याला मिळालं. बंद झालेल्या पावाकडे कोणी पाहिलंच नाही. त्याचा फटका पुढे बसला. मूल बरं झालं असं समजून घरचे त्याला पुन्हा पाव देत, आणि आजार परत येई.

आता डिके. विलेम कारेल डिके, जन्म १९०५, डॉर्ड्रेख्ट. वयाच्या एकतिसाव्या वर्षी ते हेगच्या युलियाना बाल-रुग्णालयाचे प्रमुख झाले. त्यांचे सहकारी सांगत की सुरुवात एका आईच्या बोलण्याने झाली. पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचं पुरळ जातं, असं ती म्हणाली. साधं वाक्य. असली वाक्यं दवाखान्यात रोज बोलली जातात आणि रोज हवेत विरतात. डिकेंनी ते लक्षात ठेवलं, मुलांना गव्हाशिवायचा आहार देऊन पाहिला आणि १९४१ साली डच भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलंही. दुष्काळाच्या तीन वर्षं आधी! हीच माझी दुरुस्ती.

मग तो हिवाळा आला. सप्टेंबर १९४४मध्ये डच रेल्वे संपावर गेली. बदला म्हणून जर्मनांनी पश्चिम हॉलंडकडे जाणारं अन्न अडवलं. लोकांनी ट्यूलिपचे कांदे खाल्ले, साखरेचं बीट खाल्लं. सुमारे २०,००० माणसं मेली. पाव जवळपास दिसेनासा झाल्यावर डिकेंची सीलिॲकची मुलं मात्र तग धरून राहिली, आणि पाव परतल्यावर पुन्हा आजारी पडली. डिकेंना यातून नवी कल्पना सुचली नाही. जे ते आधीपासून म्हणत होते, त्याला भयंकर किंमत मोजून साक्ष मिळाली.

पण साक्ष म्हणजे पुरावा नव्हे. तो युद्धानंतर आला, आणि कसा, तर मुलांच्या शौचातली चरबी मोजून. व्हॅन द कामर या रसायनतज्ज्ञाने त्यासाठी नेमकी पद्धत बसवली, वायर्स हे बालरोगतज्ज्ञ सोबत होते. गहू दिला की चरबी वाढते, काढला की उतरते. तांदूळ आणि मका निर्दोष. गव्हातला निव्वळ स्टार्चसुद्धा निर्दोष! १९५० साली उट्रेख्टला डिकेंचा प्रबंध झाला. १९५२ साली बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी दोष ग्लुटेनकडेच जातो हे दाखवलं. डिके १९६२ साली, सत्तावन्नाव्या वर्षी गेले.

आपल्या देशातही एक खूण होतीच. पंजाबात याला 'उन्हाळी जुलाब' म्हटलं जाई. कारण हिवाळ्यात मक्याची रोटी आणि मका संपला की गव्हाची. आजाराचं नावच कारण सांगत होतं, ऐकायला कोणी नव्हतं.

आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, सगळं चालतं. फक्त भाकरीचं पीठ गहू दळलेल्या गिरणीतून आणू नका, आणि हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा. बांधानी हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आणि हो, तपासणीआधी स्वतःच्या मनाने गहू सोडू नका. सोडला तर रक्ताची तपासणी चुकीचं 'नाही' सांगू शकते.

तो दुष्काळाचा जुना भाग मी काढून टाकलेला नाही. त्याखाली या भागाचा दुवा टाकला आहे.