अर्धांगवायू आणि म्हातारचळ : मेंदूतील रक्तवाहिन्यांचे विकार व बुद्धिऱ्हास यांच्या आकलनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी समाजात सर्वश्रुत आहे. उतारवयात माणूस विसरू लागला, व्यवहारात चुकू लागला की त्यास 'म्हातारचळ' म्हटले जाते. एकाएकी हातपाय लुळे पडले तर मात्र 'अर्धांगवायू झाला' असे म्हणतात. पहिला शब्द वयाचा, तर दुसरा रोगाचा आहे. फलटणसारख्या तालुक्याच्या गावीही अर्धांगवायूच्या रुग्णास तातडीने दवाखान्यात नेले जाते. विसरणारी आजी मात्र घराच्या कोपऱ्यातच राहते. वास्तविक या दोन्ही अवस्थांच्या मुळाशी पुष्कळदा मेंदूतील रक्तवाहिन्यांचेच विकार असतात. हे आकलन कसे घडले आणि त्याचा आपल्या समाजाशी काय संबंध आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा विकास :

चरकसंहितेत पक्षवधाचा समावेश वातव्याधींत केला आहे. 'अर्धांगवायू' या शब्दातील 'वायू' त्याच परंपरेतील होय. स्मृतीच्या भ्रंशाची चर्चा मात्र शारीरस्थानात, धी व धृती यांच्यासमवेत स्वतंत्रपणे येते.

युरोपात थॉमस विलिस याने 1672 मध्ये झटक्यानंतर येणाऱ्या बुद्धिमांद्याचे वर्णन केले. 1894 मध्ये ओटो बिन्स्वँगर याने धमनीकाठिण्यामुळे मेंदूच्या आतील श्वेत भागाचा ऱ्हास होतो, असे मांडले. आलोइस अल्झायमर यानेही प्रारंभी याच विषयावर काम केले होते, ही बाब लक्षणीय आहे. 1906 मध्ये त्याने मांडलेल्या रुग्णवृत्तान्तावरून क्रेपेलिनने 1910 मध्ये त्या आजारास त्याचे नाव दिले. तथापि पुढील अर्धशतक वृद्धांच्या बुद्धिऱ्हासाचे कारण सरसकट 'धमन्या कठीण होणे' हेच मानले गेले. धमन्यांचे कठीण होणे वयानुसार अटळ समजले गेल्यामुळे उपचाराचा प्रश्नच उरला नाही.

1970 मध्ये टॉमलिन्सन, ब्लेस्ड व रॉथ यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या मेंदूंवरून ही समजूत खोडून काढली. अनेक रुग्णांत अल्झायमरचे बदल प्रमुख होते. रक्ताअभावी मृत झालेला भाग मोठा असेल तेव्हा तोही बुद्धिऱ्हासास कारण ठरत होता. 1974 मध्ये हाचिन्स्की, लासेन व मार्शल यांनी पुढचे पाऊल टाकले. रक्तवाहिन्यांमुळे बुद्धिऱ्हास होतो तेव्हा तो धमन्या हळूहळू अरुंद झाल्याने नव्हे, तर लहानमोठ्या अनेक आघातांमुळे होतो, असे त्यांनी प्रतिपादन केले.

पुढे स्कॅनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा आजारही दिसू लागला. मेंदूच्या खोल भागात जाणाऱ्या बारीक धमन्यांच्या भिंती दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने जाड होतात, त्यांची पोकळी कमी होते व श्वेत भागातील तंतू झिजतात. रुग्णास झटका आल्याचे कळतही नाही. परंतु विचार मंदावतो, नियोजन जमेनासे होते. 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील जोगिणींच्या अभ्यासात असे दिसले की, अल्झायमरच्या बदलांसोबत असे आघात असल्यास बुद्धिऱ्हास अधिक आढळतो. म्हणजेच ही दोन कारणे परस्परांची प्रतिस्पर्धी नसून पुष्कळदा सहचारी असतात.

महाराष्ट्र व गोव्याचा संदर्भ :

2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील पाहणीत 24,488 व्यक्तींची तपासणी झाली. 65 व त्यावरील वयोगटात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण 2.44 टक्के आढळले. त्याच वर्षी गोव्यातील पटेल व प्रिन्स यांच्या अभ्यासाने दाखविले की, लोकांना ही लक्षणे परिचित होती. मात्र ती वार्धक्याचाच भाग समजली जात, अथवा मुलांनी केलेल्या दुर्लक्षाचा परिणाम मानली जात. म्हणजे रोगाचा दोष एकतर वयावर, नाहीतर सुनामुलांवर! 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार 60 वर्षांवरील 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख भारतीय स्मृतिभ्रंशग्रस्त आहेत आणि ग्रामीण भागात हे प्रमाण शहरांपेक्षा अधिक आहे. वयोगट व पद्धती भिन्न असल्याने या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

फलटणकरांना शाळेच्या नावातून परिचित असलेल्या कमला निंबकर यांनी 1950 मध्ये मुंबईत व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. आजाराने गमावलेली क्षमता प्रयत्नाने काही अंशी परत मिळविता येते, हा त्यामागील विचार होता. लुळ्या पडलेल्या हाताबाबत तो समाजाने स्वीकारला. मंदावलेल्या बुद्धीबाबत तो अद्याप रुजावयाचा आहे.

निष्कर्ष :

'वय झाले' हे उत्तर एकेकाळी वैद्यकशास्त्रानेही दिले होते व पुराव्यापुढे ते मागे घेतले. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन चाचणीत वरचा रक्तदाब 140 ऐवजी 120 च्या खाली आणण्याचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात सौम्य बुद्धिऱ्हास 19 टक्क्यांनी कमी आढळला. पूर्ण स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हती. उपायाला मर्यादा आहेत, परंतु त्यासाठी साठीची वाट न पाहता चाळिशीपासूनच सुरुवात करणे हितावह आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब मोजून घेणे व औषधात खंड न पडू देणे, हे केवळ हृदयाचे नव्हे तर स्मृतीचेही रक्षण होय. म्हातारचळ या शब्दाआड दडलेला रोग ओळखणे, ही त्याची पहिली पायरी आहे.