वादळ शमवणारं केशतेल

कोलकात्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘कुंतलीन’ हे सुगंधी केशतेल बाजारात आणलं. जोडीला ‘देलखोश’ अत्तर आणि विड्यासाठी ‘तांबुलीन’. माल खपवायची त्यांची रीत आजही थक्क करते. त्यांनी चक्क कथास्पर्धा सुरू केली! कथेत त्यांच्या मालाचा उल्लेख हवा, पण जाहिरातीचा वास येता कामा नये, ही अट.

१८९६ मध्ये पहिलं बक्षीस एका निनावी कथेला मिळालं. कोलकात्यावर येऊ घातलेलं वादळ अचानक नाहीसं होतं. हवामानखातं बुचकळ्यात पडतं. खरा प्रकार घडलेला असतो समुद्रात. तापात केस गळलेला एक गृहस्थ बोटीने सिलोनला निघालेला, लेकीने सामानात कुंतलीनची बाटली ठेवलेली. बोट बुडायची वेळ येते तेव्हा तो ती लाटांवर रिकामी करतो आणि समुद्र शांत होतो. पाण्यावर पसरलेलं तेल लाटांचा जोर मोडतं, हे शास्त्र लेखकाला पक्कं ठाऊक होतं. कारण लेखक होते शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस. बंगाली विज्ञानकथेच्या आरंभी या कथेला मानाचं स्थान आहे, आणि ते रास्तच आहे.

पुढे बंगाली कादंबरीकार शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या ‘मंदिर’ कथेलाही हाच पुरस्कार मिळाला. ती त्यांनी मामाच्या नावाने पाठवली होती.