कोलंबसमध्ये कसोटी पाहुण्यांची की यजमानांची?

मिशिगन-ओहायो स्टेट विद्यापीठ फुटबॉल : २०२६ च्या लढतीची पूर्वपीठिका

अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ॲन आर्बर आणि ओहायो राज्याची राजधानी कोलंबस ही दोन शहरे महामार्ग क्रमांक २३ वर वसलेली आहेत. दोहोंमधील अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. एक वर्षाआड, नोव्हेंबरच्या अखेरीस, मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ ॲन आर्बरहून दक्षिणेकडे कोलंबसला येतो आणि ओहायो स्टेट विद्यापीठाशी त्यांच्याच मैदानावर दोन हात करतो. विषम वर्षी सामना ॲन आर्बरला, सम वर्षी कोलंबसला, अशी ही पाळी ठरलेली आहे. २०२६ मध्ये प्रवासाची पाळी मिशिगनची आहे.

परक्या मैदानावर जाणाऱ्या संघाला सामना अवघड जातो, हा कोणत्याही खेळातला सर्वमान्य ठोकताळा. या लढतीने मात्र अलीकडच्या काळात तो पार उलटा केला आहे. २०१९ ते २०२५ या काळात झालेल्या सहा सामन्यांपैकी चार पाहुण्या संघाने जिंकले. ओहायो स्टेटने आपल्या मैदानावर मिशिगनला शेवटचे हरवले ते २०१८ मध्ये. त्यामुळे २०२६ च्या सामन्याकडे पाहताना पहिला प्रश्न पाहुण्यांविषयी नव्हे, तर यजमानांविषयीच पडतो.

खेळ आणि त्याचा पसारा

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की पायाने खेळायचा गोल चेंडू डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेतील फुटबॉल वेगळा. लांबट चेंडू हातात घेऊन धावत किंवा फेकून शंभर यार्डांच्या मैदानावर पुढे सरकायचे. चार प्रयत्नांत दहा यार्ड कापले तर चेंडू आपल्याकडे राहतो, अन्यथा तो प्रतिस्पर्ध्याच्या ताब्यात जातो. चेंडू शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाउनचे सहा गुण आणि त्यापुढे जादा गुणाची संधी मिळते. लाथ मारून तो दोन खांबांमधून पाठवला की फील्ड गोलचे तीन गुण. प्रयत्न वाया जाणार असे दिसले की चेंडू लांब टोलवून देतात, त्याला पंट म्हणतात. आक्रमणाचे सूत्रसंचालन करणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक.

हा खेळ विद्यापीठांच्या पातळीवर किती मोठा आहे, याची कल्पना मैदानांच्या आकड्यांवरून यावी. ॲन आर्बर येथील मिशिगन स्टेडियमची आसनक्षमता १,०७,६०१, तर कोलंबसच्या ओहायो स्टेडियमची १,०२,७८० आहे. दोन्ही मैदानांच्या उद्घाटन सोहळ्याला पाहुणा म्हणून हाच प्रतिस्पर्धी बोलावण्यात आला होता. १९२२ मध्ये कोलंबसच्या समारंभात मिशिगनने यजमानांना १९-० असे हरवून रंगाचा बेरंग केला; १९२७ मध्ये ॲन आर्बरच्या समारंभातही मिशिगननेच २१-० अशी बाजी मारली.

वैर जुने, सीमेपासूनचे

या दोन राज्यांमधील तेढ फुटबॉलच्याही आधीची आहे. टोलेडो शहर आणि त्याभोवतीचा पट्टा कोणाचा, या वादातून १८३५-३६ मध्ये ओहायो आणि तेव्हाचा मिशिगन प्रदेश यांनी परस्परांविरुद्ध नागरी सेना उभ्या केल्या होत्या. अखेर टोलेडो ओहायोला मिळाले. मिशिगनला उत्तरेकडील मोठा द्वीपकल्पीय भूभाग आणि १८३७ मध्ये राज्याचा दर्जा मिळाला. महामार्ग क्रमांक २३ आजही टोलेडोच्या परिसरातूनच जातो.

मैदानावरची पहिली गाठ १८९७ मध्ये ॲन आर्बरला पडली. मिशिगनने ती ३४-० अशी जिंकली. ओहायो स्टेटला पहिल्या विजयासाठी १९१९ पर्यंत वाट पाहावी लागली. तो विजयही चिक हार्ली या खेळाडूच्या संघाने ॲन आर्बरला जाऊन १३-३ असा मिळवला. १९१८ पासून हा सामना दरवर्षी होत आला आहे. अपवाद एकट्या २०२० चा. त्या वर्षी करोनाच्या साथीमुळे तो रद्द करावा लागला. १९३५ पासून, थोडे अपवाद सोडता, साखळी हंगामाचा शेवट याच सामन्याने होतो.

वैराच्या खुणा रोजच्या व्यवहारातही दिसतात. सामन्याच्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातील फलकांवर मिशिगनच्या आद्याक्षरावर लाल फुल्या मारल्या जातात. मिशिगनला हरवणाऱ्या संघातील प्रत्येक खेळाडूला विजारीच्या आकाराचे सोन्याचे छोटे पदक देण्याची प्रथा १९३४ पासून आहे. मिशिगनचे खेळाडूही तुमच्यासारखीच एकेक पाय घालून विजार चढवतात, असे सांगून प्रशिक्षक फ्रान्सिस श्मिट यांनी आपल्या संघाच्या मनातली भीती घालवली होती, त्याची ही आठवण.

कोलंबसचा प्रवास : बर्फापासून दुष्काळापर्यंत

कोलंबसमधील सर्वांत विलक्षण सामना २५ नोव्हेंबर १९५० चा. हिमवादळात मैदानावरील रेषा दिसेनाशा झाल्या होत्या. मिशिगनला संपूर्ण सामन्यात एकदाही दहा यार्डांचा टप्पा पूर्ण करता आला नाही, त्यांचा एकही पास यशस्वी झाला नाही. तरीही ते ९-३ असे जिंकले. चक ऑर्टमन याने एकट्याने २४ पंट मारले. मिशिगनचे सर्व गुण ओहायो स्टेटचे पंट अडवून मिळालेले होते. या पराभवानंतर ओहायो स्टेटचे प्रशिक्षक वेस फेस्लर पायउतार झाले आणि १९५१ मध्ये वुडी हेस यांची नेमणूक झाली.

हेस यांनी पुढे अठ्ठावीस हंगाम गाजवले. १९६९ मध्ये त्यांचेच माजी सहायक बो शेमबेक्लर मिशिगनचे प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी त्यांनी ॲन आर्बरला गुरूच्या अग्रमानांकित संघाला २४-१२ असे नमवून सलग २२ विजयांची मालिका खंडित केली. तेथपासून १९७८ पर्यंतचा काळ दशवर्षीय युद्ध म्हणून ओळखला जातो. त्यात मिशिगनने पाच, ओहायो स्टेटने चार सामने जिंकले आणि एक बरोबरीत सुटला.

मिशिगनने १९८६, १९८८ आणि १९९० अशा सलग तीन फेऱ्यांत कोलंबस जिंकले होते. २००० मध्येही तेथे ३८-२६ असा विजय मिळवला. त्यानंतर मात्र दुष्काळ पडला. २००२ ते २०१८ या काळात मिशिगनचा संघ नऊ वेळा कोलंबसला गेला आणि नऊही वेळा हात हलवत परतला. २००६ मध्ये देशातील पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे संघ म्हणून दोघे समोरासमोर आले, तेव्हा आदल्याच दिवशी शेमबेक्लर यांचे निधन झाले होते. तो सामना ओहायो स्टेटने ४२-३९ असा जिंकला. २०१६ मध्ये निर्णय दुसऱ्या जादा डावापर्यंत लांबला. तेथेही ३०-२७ असा यजमानांचाच जय झाला. २०१८ मध्ये तर मिशिगनने ६२ गुण खाल्ले.

दोन दौरे, दोन धक्के

चित्र पालटले ते २०२२ मध्ये. मध्यंतराला ओहायो स्टेट २०-१७ असे पुढे होते. उत्तरार्धात मिशिगनने २८ गुण केले आणि अवघे तीन दिले. डोनोव्हन एडवर्ड्स याने ७५ आणि ८५ यार्डांच्या दोन धावांवर टचडाउन केले. ४५-२३ हा मिशिगनचा बावीस वर्षांतील कोलंबसमधला पहिला विजय ठरला.

२०२४ चा निकाल त्याहून धक्कादायक. मिशिगनची हंगामातील कामगिरी सहा विजय, पाच पराभव अशी सामान्य होती. ओहायो स्टेट दुसऱ्या क्रमांकावर होते. सामना एकतर्फी होईल, असाच बहुतेकांचा अंदाज होता. मध्यंतराला १०-१० अशी बरोबरी होती. उत्तरार्धात यजमानांना एकही गुण मिळाला नाही. ४५ सेकंद शिल्लक असताना डॉमिनिक झ्वाडा याने २१ यार्डांवरून फील्ड गोल केला आणि मिशिगनने १३-१० अशी बाजी मारली. सामन्यानंतर मिशिगनच्या खेळाडूंनी यजमानांच्या बोधचिन्हावर ध्वज रोवण्याचा प्रयत्न केला, त्यातून हाणामारी झाली आणि पोलिसांना मिरीचा फवारा वापरावा लागला. बिग टेन संघटनेने दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड केला.

या दोन सामन्यांत एक सूत्र समान आहे. दोन्ही वेळा पूर्वार्ध तुल्यबळ झाला. उत्तरार्धात यजमान गोठले. दोन्ही उत्तरार्धांत मिळून ओहायो स्टेटला केवळ तीन गुण करता आले. लाखभर प्रेक्षकांचा पाठिंबा अपेक्षेचे ओझे कसा होतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

गोंगाटाचे गणित

तरीही पाहुण्यांपुढील अडचणी कमी नाहीत. त्यांतली पहिली आवाजाची. चाल सुरू होण्यापूर्वी क्वार्टरबॅक सहकाऱ्यांना तोंडी इशारे देतो. पाहुण्यांकडे चेंडू असताना प्रेक्षक मुद्दाम गोंगाट करतात, त्यामुळे हे इशारे ऐकू येत नाहीत. एखादा खेळाडू वेळेआधी हलला की पाच यार्डांचा दंड बसतो. म्हणून परक्या मैदानावर संघ हाताच्या वा डोक्याच्या हालचालीने मूक इशारे देतात आणि आठवडाभर ध्वनिक्षेपकांवरील कर्कश आवाजात त्याचा सराव करतात.

२०२४ च्या हंगामापासून मैदानावरील एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकांचा आवाज पोहोचवण्याची मुभा मिळाली आहे. परंतु चाल सुरू करण्याची मुदत संपायला १५ सेकंद उरले की हा संपर्क तुटतो. त्यानंतरचे निर्णय क्वार्टरबॅकलाच घ्यावे लागतात. गोंगाटही नेमका त्याच क्षणी टिपेला पोहोचतो. यावर जुनाच उपाय लागू पडतो : धावून यार्ड मिळवायचे, घड्याळ चालू ठेवायचे आणि यजमानांच्या आक्रमणाला बाकावर बसवून ठेवायचे. मिशिगनने २०२४ मध्ये नेमके हेच केले होते.

नवा प्रशिक्षक, जुनी ओळख

२०२५ मध्ये ओहायो स्टेटने ॲन आर्बरला जाऊन २७-९ असा विजय मिळवला आणि मिशिगनची सलग चार विजयांची मालिका थांबवली. त्यानंतर डिसेंबरमध्ये मिशिगनचे प्रशिक्षक शेरोन मूर यांची कारकीर्द संपुष्टात आली आणि त्यांच्या जागी काइल व्हिटिंगहॅम यांची नियुक्ती झाली. व्हिटिंगहॅम २००५ पासून युटा विद्यापीठाच्या संघाचे प्रमुख होते. भक्कम बचाव आणि धावण्यावर भर ही त्यांची ख्याती. २००८ च्या हंगामात त्यांचा संघ अपराजित राहिला होता आणि शुगर बोलमध्ये त्याने अलाबामाला ३१-१७ असे हरवले होते.

ओहायो स्टेटचे प्रशिक्षक रायन डे यांच्याशी त्यांची गाठ पूर्वी पडलेली आहे. १ जानेवारी २०२२ च्या रोझ बोलमध्ये युटाने मोठी आघाडी घेतली होती. ओहायो स्टेटने ती भरून काढत ४८-४५ असा विजय मिळवला. तो सामना तटस्थ मैदानावरचा होता. कोलंबसमधील नोव्हेंबर ही निराळी गोष्ट आहे.

डे यांच्या खात्याकडे पाहिले तर मिशिगनविरुद्ध दोन विजय आणि चार पराभव दिसतात. २०१९ आणि २०२५ चे दोन्ही विजय ॲन आर्बरचे. प्रमुख प्रशिक्षक या नात्याने त्यांनी घरच्या प्रेक्षकांसमोर मिशिगनला अद्याप हरवलेले नाही.

पणाला काय?

पूर्वी हा एक पराभव हंगाम संपवत असे. २०२४ च्या हंगामापासून राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या बादफेरीत चारऐवजी बारा संघ घेतले जातात. बिग टेनमधील गटवारीही त्याच वर्षी रद्द झाली. त्यामुळे हेच दोन संघ पुढच्याच आठवड्यात संघटनेच्या अंतिम सामन्यात पुन्हा भेटू शकतात. मग या सामन्याचे मोल उतरले का?

उत्तर २०२४ नेच दिले आहे. मिशिगनकडून हरलेले ओहायो स्टेट बादफेरीत पोहोचले आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेते ठरले. करंडक आला, पण त्या वर्षीच्या खेळाडूंच्या हाती सोन्याची विजार पडली नाही. पुढचे वर्षभर डे यांना करंडकाइतकेच त्या पराभवाविषयी बोलावे लागले. अजिंक्यपद मिळूनही जो सल उरतो, त्याचे मोजमाप गुणतक्त्यात होत नाही.

२०२५ अखेर अधिकृत नोंदीत मिशिगनचे ६२ आणि ओहायो स्टेटचे ५२ विजय असून सहा सामने बरोबरीत सुटले आहेत. नियमभंगामुळे रद्द ठरवलेला ओहायो स्टेटचा २०१० चा विजय यात धरलेला नाही. मिशिगनने कोलंबस पुन्हा जिंकले, तर १९९० नंतर प्रथमच तेथे सलग तीन विजयांची नोंद होईल. यजमान जिंकले, तर आठ वर्षांची प्रतीक्षा संपेल.

प्रथेप्रमाणे हा सामना थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी, तेथील दुपारी बारा वाजता सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. जागरणाची तयारी असलेल्यांनी पूर्वार्धातील गुणसंख्येवर फार विसंबू नये. मध्यंतरानंतर यजमानांचा पहिला ताबा कसा जातो आणि तो फसला तर लाखभर प्रेक्षक गप्प होतात की अधिक जोराने ओरडतात, यावर लक्ष ठेवावे. २०२२ आणि २०२४ या दोन्ही वर्षी सामना मध्यंतरानंतरच फिरला होता.